मीटर बरोबर होते: शकुंतलाताई वाघमारे यांच्याविषयी

शकुंतलाताई वाघमारे यांची आणि माझी ओळख एका तक्रारीच्या निमित्ताने झाली. हैदराबादच्या वीज खात्यात मी नुकताच रुजू झालो होतो. जामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे बिल दर महिन्याला फुगून येत होते आणि ते पाहायला मला ताईंच्या हाताखाली पाठवले होते. 'मीटर ठीक आहे' असे उत्तर कार्यालयाने त्या बाईंना आधीच दिले होते, आणि मीटर खरोखरच ठीक होते. ताईंनी घरातला दिवा न् दिवा बंद करायला लावला. तरी मीटरची चकती फिरतच राहिली. मग त्या तारेचा माग काढत जिना चढून गच्चीपर्यंत गेल्या. साऱ्या इमारतीचा पाण्याचा पंप त्या वेळी चालू होता, आणि तो या बाईंच्याच मीटरवर जोडलेला होता. खाली येऊन ताई म्हणाल्या, "बाई, तुमचं बरोबर होतं." त्या वृद्ध शिक्षिका खुर्चीत बसून रडू लागल्या. इतक्या महिन्यांत त्यांचे म्हणणे कोणी खरे मानले नव्हते. पंपाची तार वेगळी झाल्याशिवाय ताई तिथून हलल्या नाहीत.

ताईंचे वडील मराठवाड्यातून कामाच्या शोधात हैदराबादला आले. बौद्ध वस्तीतल्या त्या मुलीने अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा आमच्या खात्यात बाई अभियंता म्हणजे नवल होते. माझ्यासारख्या पिढीजात सरकारी नोकरीतल्या घरांतून आलेल्यांना ज्या बढत्या सहज मिळाल्या, त्या त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचल्या. त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. माझे वडील दवाखान्यात होते त्या दिवसांत माझ्या भागातल्या तक्रारीही ताईच पाहत होत्या, आणि संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात येत होत्या. पुढे माझी मुलगी मराठी धड वाचत नाही हे कळल्यावर त्यांनी तिला दर रविवारी विद्यानगरच्या आपल्या घरी बोलावले. "अडखळलीस तरी चालेल, थांबू नकोस," असे म्हणत त्यांनी तिला वाचते केले. आज ती हा लेख वाचील, ते त्यांच्यामुळे.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात याच आठवणी सांगून मी थांबलो असतो. पण लेखाचे विचारायला गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "माझ्यावर लिहिणार असशील तर सलीमभाईंचं लिही. ते गाळायचं असेल तर लिहूच नकोस."

म्हणून ते लिहितो.

निवृत्तीनंतर कुकटपल्लीकडच्या एका लहान औद्योगिक वसाहतीने ताईंना सल्ल्यासाठी बोलावले. सगळ्या शेडना मिळून एकच मोठी वीजजोडणी होती आणि येणारे बिल आपापसांत वाटून घेतले जाई. वाटणीवरून सतत भांडणे होत. ताईंनी काही दिवस प्रत्येक शेडमध्ये बसून पाहिले आणि मग बैठकीत सगळ्यांना सोप्या शब्दांत समजावले. वेल्डिंगची जुनी यंत्रे तारेतून जेवढी वीज ओढतात तेवढी सगळी कामाला लावत नाहीत. काही भाग नुसता ये-जा करतो. शेडमधली जुनी मीटरे फक्त कामाला लागलेली वीज मोजत होती. तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यावर मात्र बोजा सगळ्याचाच पडत होता, आणि वसाहतीचे मोठे बिल त्या एकूण ओढीवरच येत होते. म्हणजे वेल्डिंगवाल्यांचा भार शेजारच्या शिलाईच्या शेडमधल्या बायका नकळत उचलत होत्या. प्रत्येकाची एकूण ओढ मोजणारे मीटर बसवा, असे ताईंनी सुचवले. त्याच बैठकीत त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती. आधी वेल्डिंगवाल्यांना कपॅसिटर बसवून द्या. ते बसले की ही ये-जा यंत्रापाशीच भागते, तारेवर येत नाही. त्यासाठी त्यांना मुदत द्या आणि मगच नवा हिशेब सुरू करा.

वसाहतीच्या समितीने मीटर लगेच बसवले. कपॅसिटरचे पुढच्या बैठकीत पाहू, असे ठरले. ताईंनी हरकत घेतली, पण जोर लावला नाही. इतक्या वर्षांनी निदान मोजणे तरी बरोबर होते आहे, हे हातचे जाऊ नये, असे त्यांना वाटले. ती पुढची बैठक लांबत गेली.

सलीमभाईंची शेड वसाहतीत सर्वांत जुनी. लोखंडी गेट, खिडक्यांचे गज, शाळांचे बाक असे काम ते करत. ताईंना त्यांनीच पहिल्या दिवशी शेड-शेड फिरवून दाखवली होती, सगळ्यांची यंत्रे उघडून दिली होती. नव्या हिशेबात सर्वांत जास्त वाढ त्यांच्याच वाटणीला आली. त्यांनी तक्रार केली नाही. दोन कारागिरांना त्यांनी दुसरीकडे काम लावून दिले आणि शेड बंद केली. ताईंना कळले तेव्हा यंत्रे विकूनही झाली होती. त्या तशाच त्यांच्या घरी गेल्या; मी बरोबर होतो. चहा झाला. मीटर पुन्हा तपासून देते, असे ताईंनी म्हणून पाहिले. सलीमभाई हसले.

"मीटर तो सही है, मॅडम," ते म्हणाले. "मेरेकू थोडा टैम मिलता तो मैं भी सही हो जाता."

दुसऱ्या दिवसापासून ताई उरलेल्या वेल्डिंगवाल्यांकडे स्वतः जाऊ लागल्या, आणि समितीच्या मागे लागून प्रत्येक शेडमध्ये त्यांनी कपॅसिटर बसवून घेतले. त्या शेड आज चालू आहेत. शिलाईच्या बायकांचे बिलही न्याय्य येते. वसाहतीत ताईंचे नाव आदराने घेतात. मात्र कोणी तिथल्या कामाची वाखाणणी केली की ताई विषय बदलतात. एकदाच मला म्हणाल्या, "मोजलं बरोबर. माणसाला तयार व्हायला वेळ दिला नाही. ज्याने मला दारं उघडून दिली, त्यालाच."

ताईंच्या अमृतमहोत्सवी समारंभाचे आमंत्रण घेऊन मी सलीमभाईंकडे गेलो होतो. आता ते दुसऱ्याच्या दुकानात रोजाने काम करतात. येणार का, असे विचारले तर म्हणाले, "नक्को साब, स्टेजबिज अपना काम नै. मॅडमकू मेरा सलाम बोलो." मी निरोप पोचवला. ताई म्हणाल्या, "गुडघे जरा बरे झाले की मीच जाऊन येते."

अजून जाणे झालेले नाही. ताईंच्या ऋणात असलेले आम्ही सारे आज त्यांना निरोगी, उदंड आयुष्य चिंतितो. मी माझ्यापुरते सलीमभाईंसाठीही तेवढेच मागतो. दोघांचे बोलणे व्हायचे राहिले आहे.