पोट बघणारी एतेल्विना मावशी

माझ्या सासूबाई गेल्या त्याला आज बावीस दिवस झाले. सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. सकाळी कॉफी प्यायल्या, कप धुतला, पालथा घातला, खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. मी म्हणलं बरं झालं, कप तरी धुवून झाला होता, नाहीतर वर जाऊनसुद्धा त्यांना चैन पडलं नसतं.

चर्चमध्ये त्यांना ठेवलं होतं तेव्हा गावातले लोक रांगेनं आले. येणारा प्रत्येक माणूस माझ्या कानाशी वाकून हेच सांगत होता की यांनी माझं पोट बघितलं होतं. टपाल वाटणारा, बेकरीवाला, शाळेतली बाई, सगळे. एवढ्या लोकांनी त्यांच्यापुढे शर्ट वर केलेला होता. सोराया म्हणजे माझी मुलगी, ती म्हणाली आई हे सगळं लिहून ठेव, तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणून बसलेय.

आमच्या उर्झेडो गावात त्यांना सगळे एतेल्विना मावशी म्हणायचे. आमच्याकडे पोटावर काही उठलं की पहिलं नाव नागिणीचं निघतं. वाळत घातलेल्या कपड्यावरून साप, पाल नाहीतर कोळी फिरून गेला, तेच कपडे माणसानं घातले, की कमरेला फोड येतात आणि गोल गोल सरकतात, आणि डोकं शेपटीला लागलं की माणूस गेला. हे सगळ्यांना आजीपासून माहीत. म्हणून आमच्याकडे बायका सगळं इस्त्री करतात. मोजेसुद्धा. भांडी पुसायचं फडकंसुद्धा. गरम इस्त्री फिरली की जनावराचं विष जळतं म्हणतात.

सासूबाई नागीण कापायच्या. म्हणजे खरं कापायचं नाही, सुरी फोडांच्या वरून धरायची, अंगाला न लावता, आणि प्रार्थना म्हणायची, सकाळी, अशा तीन सकाळी. पूर्वी वर ऑलिव्हच्या तेलात गव्हाच्या काडाची राख कालवून लावायच्या. पण एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की मावशी, फुटलेल्या फोडावर राख घातली तर पू होतो. सासूबाई घरी आल्या आणि राखेचा डबा कोंबड्यांच्या खुराड्यात ओतून आल्या. सुरी ठेवली, प्रार्थना ठेवली. आणि त्या दिवसापासून नागीण दिसली की आधी माणसाला दवाखान्यात पाठवायच्या, आजच्या आज, उद्या नाही. म्हणायच्या, त्या गोळ्या पहिल्या दोनतीन दिवसातच काम करतात, माझी प्रार्थना काय, कधीही करते, देवाला घाई नसते.

पण खरी नागीण दहातल्या एकालाच असायची. बाकीचं त्या बघूनच ओळखायच्या. माणसाला खिडकीपाशी उभं करायचं, शर्ट वर, आणि हात न लावता नुसतं बघत राहायचं. एकाच बाजूला पट्टा आहे, आणि फोड यायच्या आधी चारपाच दिवस तिथं आग होत होती, तर नागीण. बेंबीखाली नाण्याएवढा लाल गोल चट्टा, तर पँटचं बक्कल. त्याला म्हणायच्या आतून कापडाचा तुकडा शिव, काय देव-देव करत आलायस. उन्हाळ्यात बायकांच्या पोटाच्या घडीत बारीक पुरळ, तर घामोळं, गार पाण्याचं फडकं ठेव आणि सुती घाल. ऑगस्टमध्ये पोरं शर्टाची ओटी करून अंजिरं भरून आणतात, चीक पोटाला लागतो, वर ऊन, की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे. त्या पोरांना आधी साबणानं धुवायच्या आणि मग ओरडायच्या. कडेनं लाल, मधे पांढरं होत वाढणारं गोल असलं तर नायटा, त्याला औषधवाल्याकडे पाठवायच्या. आणि ताप असेल, किंवा फोडातून पू येत असेल, किंवा ओठ सुजले असतील तर त्या पोट बघायच्याच नाहीत, थेट दवाखान्याची गाडी बोलवा म्हणायच्या.

आणि काहीच कळलं नाही की त्यांचा एक प्रश्न असायचा. घरात नवीन काय आलं? साबण, गादी, कुत्रा, गोळी, सून. सून शब्दावर सगळे हसायचे.

मी त्या घरात नवीन आलेली सूनच होते. मी लांबच्या गिमाराइश शहरातली. तिथं बुटांच्या कारखान्यात होते, चौथीनंतर शाळा सोडली तेव्हापासून तिथंच. कारखाना बंद पडला, वाल्देमारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच्या गावच्या तेलाच्या घाण्यावर काम मिळालं, म्हणून आम्ही आलो. सोराया तेव्हा चार वर्षांची. मला इस्त्रीचा कंटाळा. आठ तास मशीनवर बसायची सवय असलेली बाई कुठून मोजे इस्त्री करणार. मी कपडे धुवायची, अंगणातल्या झुडपांवर टाकायची, वाळले की झटकून घडी. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. ती घडी उचलायच्या, मोडायच्या, आणि परत इस्त्री करायच्या. माझ्यासमोर. मला ते थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं.

जूनमध्ये सोरायाच्या पोटावर उठलं. बेंबीच्या भोवती, खाली चड्डीच्या इलॅस्टिकपर्यंत, लाल, खरखरीत, आणि खाज एवढी की पोर झोपेत खाजवायची. सासूबाईंनी तिला खिडकीपाशी उभं केलं. नागीण नाही म्हणाल्या, दोन्ही बाजूला आहे आणि आग होत नाही. मग कॅमोमाइलची फुलं उकळून त्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. ओटचं पीठ फडक्यात बांधून आंघोळीच्या पाण्यात पिळलं. नखं कापली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सांगितलं, कातडीला काहीतरी लागतंय, शोधा. साबण बदला. साबण बदलला. मलमानं गेलं, मलम संपलं की आलं.

सासूबाईंनी मला विचारलं घरात नवीन काय आलं. एकदा नाही, रोज. मी तिला काय खायला दिलं, कुठल्या मांजराला हात लावला, गिमाराइशहून आणलेली कुठली चादर. आणि शेवटी व्हायचं ते झालं. एका दुपारी जेवताना त्या म्हणाल्या की झुडपावरून काय फिरून जातं ते देवालाच ठाऊक, आणि काही बायका ते कपडे तसेच पोराच्या अंगावर घालतात. वाल्देमार सूप पीत होता. त्यानं मान वर केली नाही. तो असाच आहे, दोन बायकांच्या मधे पडायचं नाही म्हणून तो आयुष्यभर सूप पीत आलाय.

त्या दिवसापासून सोरायाचे बनियन मी धुवायचे आणि इस्त्री त्याच करायच्या. आतून, बाहेरून, दोन दोन वेळा. वाल्देमारनं मे महिन्यात जवळच्या मिरांदेला शहरातल्या जत्रेतून त्यांच्या वाढदिवसाला एक निळी बाटली आणली होती, इस्त्री करताना कपड्यावर शिंपडायचं वासाचं पाणी. लव्हेंडरचा वास. आयुष्यभर त्या साधं पाणी बोटांनी शिंपडायच्या. मुलानं आणलेली बाटली म्हणून त्याचं केवढं कौतुक. पोरीचं पुरळ जेवढं वाढे तेवढं त्या जास्त शिंपडायच्या, जास्त दाबून इस्त्री करायच्या. आता लिहिताना वाटतं एवढं डोळ्यासमोर होतं. तेव्हा दोघींनाही दिसलं नाही. मी रागात होते आणि त्यांना आपलंच बरोबर वाटत होतं.

मग बेलमिरा. बेलमिरा म्हणजे आमची शेजारीण, अजून आहे, देव तिला उदंड आयुष्य देवो, जिभेला थोडं कमी देवो. गावच्या धुण्याच्या हौदावर सात बायकांच्या आणि माझ्या देखत ती म्हणाली, "एतेल्विना पुसते आणि सून लावते, पोरीचं पोट कसं बरं व्हायचं."

सगळ्या हसल्या. सासूबाई तिथंच होत्या. हसल्या नाहीत. चादर पिळत राहिल्या.

शनिवारच्या बसनं मी सोरायाला घेऊन आईकडे निघून गेले. वाल्देमारला सांगितलं की परत येईन असं समजू नकोस. तो खिशात हात घालून थांब्यावर उभा राहिला. मला वाटलं संपलं. पोरीचा बाप लांब राहणार, मला परत कुठंतरी कारखाना शोधायचा, तीस वर्षांची बाई आईच्या स्वयंपाकघरात झोपणार.

गिमाराइशला आईकडे मी सोरायाचे कपडे साध्या साबणानं धुवायची, गॅलरीतल्या दोरीवर टाकायची आणि तसेच घालायची. दहा दिवसांत पोट साफ. मलम नाही, पट्ट्या नाहीत. माझी आई म्हणाली त्या घराची दृष्टच लागली होती पोरीला. मला खरं वाटलं. वाल्देमारचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम सांगितलं, इथं आल्यावर बरी झाली, काय ते समजून घे.

मग फोनवर सासूबाई आल्या. त्या फोनला हात लावायच्या नाहीत, लांबचं बोलणं लांबच बरं म्हणायच्या. त्यांनी ना पोरीचं विचारलं ना माझं. म्हणाल्या,

"तिथं तिचे बनियन कोण इस्त्री करतं?"

"कोणी नाही," मी म्हणलं. "आम्ही असेच घालतो."

 त्यांनी फोन ठेवून दिला. मी रडले. माझ्या लेखी तो शेवटचा टोमणा होता. एवढं झालं तरी या बाईला इस्त्रीच आठवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं तर सासूबाई. काळा झगा, रविवारचे बूट, हातात कापडी पिशवी. या बाईनं मिरांदेलाच्या पुढचं जग बघितलं नव्हतं. दोन बस बदलून, एका ड्रायव्हरला चुकीचा थांबा सांगून, पत्ता चिठ्ठीवर लिहून आणला होता तो लोकांना दाखवत आल्या होत्या. माझ्या आईनं खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"मी तुला न्यायला आले नाही," त्या म्हणाल्या. "यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी पोट बघायला आलेय."

सोराया धावत आली, तिनं स्वतःच फ्रॉक वर केला. सासूबाईंनी तिला खिडकीपाशी नेलं आणि बघत राहिल्या. पोट कोवळ्या बदामासारखं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. मी त्यांना कोणाच्या पोटाला असा हात लावताना पहिल्यांदा बघितलं.

मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मीच लावत होते, इदालिना. ती निळी बाटली. गावभर विचारत फिरले नवीन काय आलं, नवीन काय आलं, आणि ती माझ्याच इस्त्रीशेजारी उभी होती. पोरानं प्रेमानं आणली म्हणून तिच्याकडे बोट दाखवायचं सुचलंच नाही. तुझ्याकडे दाखवणं सोपं होतं."

मी सोरायाचा फ्रॉक खाली केला. माझी आई मात्र बोलली. म्हणाली, बाई, हे तुम्ही आमच्या चार भिंतीत सांगताय, पण माझ्या मुलीची लाज हौदावर गेली त्याचं काय.

"बेलमिराला आधी सांगून आलेय," सासूबाई म्हणाल्या. "सकाळच्या बसच्या आधी. हौदावर सगळ्या होत्या. म्हणलं, पोरीच्या पोटावर ते माझ्या हातानं आलं, सुनेचा दोष नाही, आणि हे तू संध्याकाळपर्यंत गावात पोचवलं नाहीस तर मला आश्चर्य वाटेल."

आई हसली. मग तिनं सूप वाढलं आणि तेव्हा कुठं सासूबाई बसल्या.

पिशवीत सोरायाचे सगळे बनियन होते, तीन वेळा साध्या साबणानं धुतलेले. मी त्यातला एक उचलून नाकाशी धरला. कसलाच वास नव्हता. त्या म्हणाल्या हा तिला आज घाल, दोन दिवस बघू. काही उठलं तर माझं सगळंच चुकलं, मग पोरीला आमच्याकडे परत आणू नकोस. दोन दिवस त्या आईकडे राहिल्या. सकाळ संध्याकाळ पोट बघायच्या. रात्री मला झोप नव्हती, त्यांनाही नसावी. काही उठलं नाही. तिसऱ्या सकाळी मी बॅग भरली. त्या दाराशी उभ्या होत्या, भर म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

बसमध्ये सोराया खिडकीशी, मधे मी, कडेला त्या.  बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, समोर बघतच,

"राग आहे अजून?"

"आहे थोडा."

"असू दे. एकदम गेला म्हणाली असतीस तर मला खोटं वाटलं असतं."

आणि मग त्यांना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. वजन काहीच नव्हतं, केसांना लाकडाच्या धुराचा वास होता. माझा हात बधिर झाला, सोरायाला पाणी हवं होतं, तरी मी हलले नाही. गावचा थांबा आला तेव्हा वाल्देमार उभा दिसला. मी म्हणलं, आई, उठा, घर आलं. तोपर्यंत मी त्यांना आई म्हणलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले, झगा सारखा केला आणि म्हणाल्या, ऐकलं मी, आता लगेच सगळ्यांना सांगत बसू नकोस.

सव्वीस वर्षं नाही सांगितलं. आता सांगते.