झावळीत ठेवलेले अठ्ठेचाळीस आकडे

आर्थर हा माझ्या ओळखीतला सगळ्यात भित्रा माणूस. आम्ही मालवणात एकाच शाळेत तीस वर्षं शिकवलं, तो गणित आणि मी मराठी, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो. स्टँडवर ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी हा बाकावरून उठून उभा राहायचा. जन्म समुद्राकाठी, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. आम्ही त्याची भरपूर थट्टा केली. तो हसून म्हणायचा, ‘‘भय वाटता रे परशा, काय करू?’’ परशा म्हणजे मी, परशुराम.

गेल्या नोव्हेंबरात त्याची जुनी विद्यार्थिनी सृष्टी त्याच्या घरी आली. तिचा नवरा दीपेश ट्रॉलरवर कामाला होता आणि तिला मारायचा. अंगावरच्या वळांचे फोटो आणि दीपेशच्या धमक्यांची तीन रेकॉर्डिंगं तिने फोनमध्ये जपून ठेवली होती. ती म्हणाली, ‘‘सर, ह्यां सगळा तुमच्या कॉम्प्युटरात ठेवा. माझो फोन तो कधी फोडीत, काय सांगूक येणा नाय.’’ आर्थरने एकेक फाइल उतरवून घेतली. घेताना ऐकावं लागलं, बघावं लागलं. बिचाऱ्याचा शर्ट घामाने भिजला.

संध्याकाळी दीपेश गेटवर आला. ‘‘मास्तर, सृष्टी हय इल्ली काय?’’ आर्थर म्हणाला, ‘‘नाय.’’ दीपेश हसला. ‘‘बरा. आमच्या घरात नाक खुपसू नकात. म्हातारपणी हाडा जुळनत नाय.’’

तो जाताच आर्थरने कॉम्प्युटरच्या सबंध डिस्कला कुलूप घातलं. तशी सोय असते. त्या कुलपाला अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मिळते. रोजच्या कॉम्प्युटरला ती मनातल्या मनात ठाऊक असते, म्हणून तो विचारत नाही. पण डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आकडे द्यावेच लागतात. किल्लीची एक प्रत इंटरनेटवरच्या खात्यात ठेवायची का, असंही यंत्राने विचारलं होतं. आर्थरला इंटरनेटचंही भय. त्याने आकडे कागदावर छापले आणि कागद दडवला. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करून ठेव, असं मी म्हणालो होतो. पेनड्राइव्ह चोरीला जातो, म्हणाला.

आठवड्याभरात दीपेशने सृष्टीचा फोन जेटीवरून पाण्यात भिरकावला. ती मसुऱ्याला आईकडे गेली आणि तिने कोर्टात अर्ज केला. दीपेशने तिच्या जवळपास फिरकू नये, एवढंच तिचं मागणं होतं. वकीलबाईंनी सांगितलं, तारखेला रेकॉर्डिंग घेऊन या, त्याच्यावरच सगळं आहे.

मार्चअखेर तारीख पाच दिवसांवर आली आणि आर्थरचा कॉम्प्युटर बंद पडला. आमच्याकडे खारं वारं पंखे खातं, खिडक्यांचे गज खातं, कॉम्प्युटर त्याला काय जड! बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या देवेशने नवीन कॉम्प्युटर आणून जोडला, जुनी डिस्क त्याला लावली. पडद्यावर किल्ली मागणारी चौकट आली. ‘‘किल्ली आसा,’’ आर्थर ऐटीत म्हणाला आणि आल्ताराकडे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याकडे, गेला. त्याच्या आयुष्यात तो ऐटीत वागल्याचं मला आठवणारं हे एकमेव उदाहरण आहे, आणि तेही मी ईडाच्या तोंडून ऐकलं. ईडा म्हणजे त्याची बायको.

दहा मिनिटांत तिचा मला फोन. ‘‘परशुराम, बेगीन येवा. आर्थर थंडगार पडलोहा.’’

मी पोचलो तेव्हा आर्थर आल्तारासमोर जमिनीवर बसला होता. झालं होतं ते असं. झावळ्यांच्या रविवारी इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, आशीर्वाद दिलेली झावळी घरी आणतात. ती विणून केलेला कुर्स, म्हणजे क्रूस, वर्षभर आल्तारावरच्या तसबिरीमागे असतो. त्या कुर्साच्या विणीत आर्थरने घडी करून कागद खुपसला होता. आशीर्वादाच्या वस्तूला चोर काय, दीपेशसुद्धा हात लावणार नाही, हा त्याचा हिशेब. गणिताचा मास्तर, पण एक पायरी विसरला. असली झावळी कोणी केरात टाकत नाही. राखेच्या बुधवारच्या आधी ती इगर्जीत परत देतात, तिथे ती जाळतात आणि तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लावतात. ईडाने नेहमीप्रमाणे दिली होती.

‘‘कुर्सात कोण कागद घालता रे?’’ ईडा रडत रडत ओरडत होती. ‘‘माका एक शब्द सांगूचो नाय? ती राख तुझ्याच कपाळार लागली मरे!’’

देवेशने जमेल ते सगळं केलं. जुन्या यंत्राचा बोर्ड पुसला, वाळवला, दुसऱ्या वीजपुरवठ्यावर चालवून पाहिला, कारण किल्ली त्यातल्या एका चिपमध्ये होती. पंखासुद्धा हलला नाही. मग त्याने आर्थरचं ईमेल खातं उघडलं. तिथे किल्ली नव्हतीच. छापताना एखादी प्रत कुठे साठवली गेली असेल म्हणून विचारलं, तर आर्थर म्हणाला, तीही डिस्कवरच. म्हणजे किल्ली कुलपाच्या आत. मी विचारलं, ‘‘आकडे जुळवून बघता येणार नाहीत?’’ देवेश म्हणाला, ‘‘काका, तुमची नातवंडा म्हातारी होतली तरी जुळाचे नाय.’’

त्यानंतरचे चार दिवस आर्थरने काही खाल्लं नाही. गेटची कडी वाजली की आतल्या खोलीत जायचा. मला वाटलं, दीपेशला घाबरतोय. ‘‘त्येका नाय रे,’’ तो म्हणाला. ‘‘सृष्टीक घाबरतंय. तिका काय सांगू? तिच्या नवऱ्यान फोन बुडवल्यान, उरलेला मियां जाळलंय.’’

शेवटी आदल्या दिवशी दुपारी तिला बोलावलं. मीही होतो. आर्थरने सगळं एका दमात सांगितलं आणि मान खाली घालून बसला. सृष्टीचा चेहरा पांढरा पडला. मग ती म्हणाली, ‘‘सर, त्या दिवशी तुमी माका बघितल्यात मां? मगे तुमीच सांगा.’’

‘‘माका जमाचा नाय गो,’’ आर्थर म्हणाला. पण सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षात बसला होता. कोर्ट येईपर्यंत त्याने दोनदा रिक्षा परत फिरवायला सांगितली. दोन्ही वेळा ईडाने रिक्षावाल्याला सांगितलं, पुढे चल.

साक्ष देताना त्याचा आवाज इतका बारीक होता की जजसाहेबांनी तीनदा मोठ्याने बोलायला लावलं. दीपेश समोर बसून त्याच्याकडे एकटक बघत होता. दीपेशचा वकील म्हणाला, ‘‘मास्तर, तुम्ही म्हणता पुरावा होता, तो जळाला. म्हणता धमकी दिली, तर पोलिसांत का गेला नाहीत?’’

‘‘घाबरलो म्हणून,’’ आर्थर म्हणाला. ‘‘गेटवर त्याच्याशी खोटंही बोललो, तेही घाबरून. आताही घाबरलोय साहेब, हे माझे हात बघा. पण त्या दिवशी तिच्या मानेवरचे वळ मी मोजले. एका बाजूला चार बोटं होती आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. ते मी विसरू शकत नाही.’’

त्याच दिवशी साहेबांनी दीपेशला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली. बाहेर आल्यावर आर्थर व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला. ‘‘परशा, हात धर रे. पायऱ्यो उतराक भय वाटता.’’

मी हात धरला. तो गार आणि ओला होता. आता एवढं लिहिलं आहे तर हेही लिहितो. दीपेशचं घर माझ्या घराला लागून आहे. सृष्टीचं ओरडणं मी वर्षभर ऐकत होतो आणि टीव्हीचा आवाज वाढवत होतो. मला कोर्टात कोणी बोलावलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. पायऱ्या उतरताना आर्थर माझ्यावर भार टाकून चालत होता, आणि त्याच्याकडे वर बघायची माझी हिंमत होत नव्हती.