जातो म्हणू नये

त्या वर्षी मी एका दिवाळी अंकासाठी अंतराळातल्या लढाईची गोष्ट लिहीत होते. मीरा रोडच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे सिनेमातली धडामधूम पाहिली की माझं टाळकं सरकायचं. हवाच नाही तिथे आवाज कुठून येणार? माझ्या लढाईत आवाज नव्हता, गिरक्या नव्हत्या. सगळं नियमात बसवलं होतं.

घरी मात्र आईचं कशात लक्ष नव्हतं. माझा धाकटा भाऊ फौजेत. सुट्टी अर्धवट टाकून त्याला सीमेवर जावं लागलं आणि घाईघाईत तो दारातून म्हणाला, "जातो गं आई." आपल्यात असं म्हणतं का कोणी? निघताना "येतो" म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. महिना झाला, फोन नव्हता आणि तो शब्द आईला छळत होता.

एका दुपारी भाईंदरच्या आमच्या खोलीत वाल सोलता सोलता ती म्हणाली, "वाच बघू तुझी गोष्ट." शेवटी माझा सैनिक लढाई जिंकतो, तोफेचे काही गोळेही उरतात, पण इंधन संपतं आणि यान घरापासून लांब लांब जात राहतं.

"म्हणजे परत नाय येत?"

"नाही. हवा नाही ना, वेग कमीच होत नाही. वळायला इंधन लागतं."

"गोळे उरलेत ना त्याच्याकडे? फेकून दे म्हणावं. वादळात माझा बाप होडीतला माल आधी समुद्रात फेकायचा."

"आई, होडीचं वेगळं..." म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोफ पुढे डागली की यानाला मागे धक्का बसतो, हे मीच पोरांकडून घोकून घ्यायचे. सगळे गोळे पुढे झाडले तर यान आधी थांबेल, मग घराकडे येईल. हिशेब मांडला. गोळे थोडे कमी पडत होते, ते सरळ वाढवून टाकले. मला अजिबात लाज वाटली नाही.

"येईल," मी म्हणाले. "पण सगळा दारूगोळा टाकून यावं लागेल."

"येऊ दे रिकामा. आणि निघताना तो 'येतो' म्हणाला होता, असं लिही."

मी पहिलं पान काढून तसं लिहिलं. आईने वालाची परात बाजूला सारली.

"आता येईल ना गो, आपला?"

त्याचं गणित मला येत नव्हतं. "येईल, आई," मी म्हणाले.