बन्सी वाइंडरचा घट्ट हात

लासूर स्टेशनच्या बाजारात बन्सी वाइंडर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. हाताला फडकं गुंडाळायचं आणि कमरेचा जोर लावून तार ओढायची, ही त्याची रीत. त्यानं भरलेली मोटार दहा-दहा वर्षं परत यायची नाही आणि त्याचा त्याला भलता तोरा होता.

२०१६ साली मी त्याला औरंगाबादेत आमच्या प्रयोगशाळेत बोलावलं. अतिवाहक फितीचं वेटोळं करायचं होतं. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की ही फीत विजेला जराही अडवत नाही. दिसायला ती तांब्याची पट्टी, पण वीज वाहते ती आतल्या केसाहून पातळ, काचेसारख्या ठिसूळ थरातून. मीटरभर फीत चार-पाच मिलिमीटरहून जास्त ताणली की तो थर तडकतो. हे मला तोंडपाठ होतं. बन्सीला मात्र एवढंच म्हणाले, "घट्ट बसवा हं, बन्सीभाऊ."

त्यानं बसवलं. वेढ्याला वेढा असा चिकटला होता की मी हौसेनं फोटो काढले.

चाचणीत शंभर अँपिअर वाहायला हवे होते. पस्तिसालाच फितीनं हात टेकले.

"कुठं तुटलं, दावा की," बन्सी म्हणाला. वरून काहीच दिसत नव्हतं.

"सैल करून बगू, उमा मॅडम."

सैल केलं, पुन्हा गार केलं. पस्तीसच. थोडक्या ताणातून फीत सावरते. मर्यादा ओलांडली की कायमची गेली.

विभागप्रमुखांनी जाब विचारला तेव्हा बन्सी दारातच उभा होता. मी म्हणाले, "वाइंडरनं जास्त ओढलं." त्याची मला आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी लासूरला गेले तर दुकानाला कुलूप. त्याची बायको आवडाबाई म्हणाली, "तुमच्याकडून आल्यापासून तार ओढायलाच भ्यायचे. सैल भरलेल्या मोटारी लगीच जळायच्या. गिऱ्हाईक तुटलं."

बन्सी बाजार समितीत पोती शिवत बसला होता. मी सगळं सांगून टाकलं. किती ताणायचं ते मला ठाऊक होतं, मी बोलले नाही, घट्ट म्हणाले तीही मीच.

त्याचा दाभण थांबला. "म्हंजे माझा हात बिघडला नव्हता?"

"नाही."

"मग त्या दिशी सायबाम्होरं का नाय बोलल्या?"

"नोकरी जाईल असं वाटलं."

"पोट मला बी व्हतं, मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं पुढचं पोतं ओढून घेतलं.