अग्येकुमच्या खोलीतली गादी

आकुआ बिरागो रस्त्यात दिसली की आमच्या गावातल्या माणसांची दोन टोळकी व्हायची. ज्यांना तिच्याकडून काही हवं असायचं ती जवळ यायची आणि ज्यांच्याकडून तिला काही परत हवं असायचं ती गल्ली बदलायची. दुसरी टोळी मोठी होती.

अपंगांच्या संघाची एक खोली होती, माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, आंधळ्यांच्या काठ्या असं सगळं तिथून उसनं मिळायचं. ती खोली बिरागो चालवायची. पोलिओनं तिचे पाय लहानपणीच गेले होते. हातानं फिरवायच्या तीनचाकीवर ती गावभर हिंडायची. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "नवरा उसना मिळेल रे, पण परत कोण घेणार?"

वस्तू दान नाही, उसनी; गरज संपली की पुढच्याला, हा तिचा नियम. गावाच्या तो पचनी पडत नसे. कुणी खुर्चीवर सिमेंटची पोती वाहायचं, कुणी कुबडीनं आंबे पाडायचं. मग बिरागो भर बाजारात त्याच्या सात पिढ्या काढायची. मला तो तमाशा आवडायचा, खोटं कशाला बोलू?

संघाकडे हवेची गादी मात्र एकच. पोलिओवाल्याला निदान दुखतं तरी. ज्याचा कणा मोडला त्याला बसल्या जागी काहीच कळत नाही आणि तिथंच घात होतो. कातडी सडत जाते, हा आपला हसत बसलेला. ती गादी खुर्चीसकट कोको तोलणाऱ्या अग्येकुमकडे होती. तो तापानं गेला आणि त्याच सुमारास गवंडी अदोमाको परांचीवरून पडून कमरेखाली लुळा होऊन इस्पितळातून घरी आला. नर्स त्याच्या बायकोला, टावियाला, स्पष्टच म्हणाली, "चांगली गादी मिळव. नाहीतर जखम होईल आणि त्या जखमेनंच मरेल हा."

"गादी आहे. उद्या आणते," बिरागो म्हणाली.

उद्या कुठलं! आमच्याकडे माणूस मेला की बायकापोरांनी रडायचं आणि आईकडच्या घराण्यानं खोलीला कुलूप घालायचं. अंत्यविधी होईपर्यंत त्यातली काडी हलत नाही. अग्येकुमचा वारस म्हणजे त्याचा भाचा, आणि तो जर्मनीत. तो येईपर्यंत अग्येकुम शवागाराच्या बर्फात आणि गादी कुलपात.

बिरागो रीतीप्रमाणे श्नाप्स दारूची बाटली घेऊन घराण्याच्या मुखियाकडे, नाना बोआडीकडे गेली. तिची तीनचाकी ढकलत मीही गेलो.

"नाना, खुर्ची न् गादी संघाची आहे. अग्येकुमची नव्हे."

"असेल गं पोरी. पण कुलूप लागलं की आतली सुईसुद्धा मेलेल्याची. आज तुला गादी दिली तर उद्या त्याची बायको म्हणेल, पलंग माझ्या बापाचा."

"तिकडं एक जिता माणूस सडायला लागलाय, नाना!"

"आणि आमचा माणूस बर्फात पडलाय, त्याचं काही नाही तुला?"

"तो सडू नये म्हणून तर बर्फात घातलात ना? जित्याला कुठं ठेवू?"

मागं बसलेल्या पोरी फिसकन हसल्या. नानानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, बाटलीतले चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले, बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाला, "जा आता."

भाच्याला रजा मिळेना. विधी पुढं गेला, मग आणखी पुढं गेला. अदोमाको प्लास्टिकच्या खुर्चीत दारात बसून शेजारच्या भिंतीवरच्या गवंड्यांना शिव्या देत असायचा. आडवा हो म्हटलं की खवळायचा. टावियानं लग्नातलं कापड घडी करून त्याच्याखाली घातलं. त्या घडीचीच धार लागली. त्याला कळलं नाही, तिला वासावरून कळलं.

मग बिरागो लोहाराला घेऊन अदोमाकोच्या दारात आली. "आज कुलूप तोडते. दंड भरेन, गाव सोडेन. तू फक्त बस गादीवर."

अदोमाकोनं तिला हात जोडले. "नको, बाई. मेलेल्याचं कुलूप तोडून आणलेल्या गादीवर मी नाही बसणार. त्याचा शाप माझ्या पोरांना लागेल."

"अरे मूर्खा, मरशील!"

"मरेन. पण शापानं नाही."

टावियानंही नकाराची मान हलवली. काय बोलायचं अशा माणसांना? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, म्हणून मला जास्तच संताप आला.

अखेर भाचा आला. मांडव उभे राहिले, कर्णे लागले, गाव दुखवट्याच्या लालकाळ्या कापडांत जमलं. शेवटच्या दर्शनासाठी अग्येकुमला सोन्याच्या अंगठ्या घालून त्याच्याच चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. खाली गादी होती, टम्म फुगवलेली. मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्यांनी त्याला आयुष्यभर लंगडा तराजू म्हणून चिडवलं, ते त्याचे गोडवे गात होते. दफन झाल्यावर नाना कर्ण्यावर बोलला, "आमचं घराणं ही खुर्ची आणि गादी गावातल्या अपंगांना दान देत आहे!" टाळ्या पडल्या. कुणीतरी बिरागोच्या तोंडापुढं माईक धरला.

मला वाटलं, आता फाडून खाते. पण गादी अजून नानाच्या काखेत होती. "उपकार झाले, नाना," ती म्हणाली. मागून कुणी ओरडलं, "ऐकू आलं नाही!" तिनं पुन्हा म्हटलं.

आम्ही तिथून थेट अदोमाकोकडे गेलो. तो पालथा पडला होता. जखमेत हाड दिसत होतं. नर्सनं आता त्याला बसायलाच मनाई केली होती. त्यानं हात लांब करून गादी दाबून पाहिली.

"मऊ आहे गं," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत तो गेला. त्याचं घराणं बिरागोच्या खोलीवर आलं, बाटली घेऊन. अग्येकुमला बसवलं तसं आपल्या माणसालाही बसवायचं होतं.

"मेलेल्यांना मी उसनं देत नाही," बिरागो कडाडली. "पलीकडच्या वस्तीत एक बाई या गादीची वाट बघत कुशीवर पडलीय."

"तो तोलारी राजा, आणि आमचा गवंडी कुत्रा?"

"जिवंत होता तेव्हा कुठं होतात रे? त्याचा पू पुसायला एक तरी आला होता का?" बाटली तिनं रस्त्यात भिरकावली. ते शिव्या देत गेले. टाविया दारातच उभी राहिली.

"बाई, मला घराण्याच्या मोठेपणाचं काही नाही. पण त्यांनी त्या गादीची फार वाट पाहिली. एकदा बसू द्या त्यांना."

बिरागोनं गादी काढून माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, "हवा भर."

पलीकडच्या वस्तीतली बाई शनिवारी अदोमाकोचं दफन होईपर्यंत थांबली. संध्याकाळी टावियानं गादी स्वतः आणून दिली, पुसून, घडी करून.

"बसले," ती म्हणाली.