बॉनेटवरचे हात

देवाधर्माच्या गोष्टी सांगत बसणं माझ्या स्वभावात नाही. केनवडजवळ आमचा भाजीचा मळा आहे. मिरचीला पाणी द्यायचं की देवळात बसायचं, असं झालं तर मी पाणी देणारी. तरी हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते माझ्याच हाताखाली घडलं आणि त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा होता. माझी लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. कळा सुरू होऊन रात्र सरली, पोर आडवं होतं, आणि सकाळी सुईणीनं हात टेकले. आमचे हे देवळात जाऊन बसले. मी कापसाच्या जिनवाल्या शेठकडे गेले आणि त्यांची मोटार मागितली. वाशीमच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत गोदा टिकली नसती. शेठनं ड्रायव्हर इस्माईलभाईसकट मोटार दिली, हे त्यांचे उपकार.

अर्ध्या वाटेवर, भर दुपारी, मोटार आचके देऊन बंद पडली.

“काई नाई मावशी,” इस्माईलभाई म्हणाला, “नळीतलं पेट्रोल उकळून राह्यलं. ओलं फडकं गुंडाळलं का चालते गाडी.”

त्यासाठी बॉनेट उघडायला हवं होतं, आणि त्याचा बाजूचा हुक निघेना.

“काहून निघत नाई?”

“शेठ दर दसऱ्याले याच हुकावर नारळ फोडते. पानी मुरून गंजला, वरून वाकलाबी. म्या म्हणलं, चाकापाशी फोडा. तर म्हणते, मोटारीचं तोंड हेच.”

“मंग आपलं डोस्कं पुढं करायचं व्हतं शेठनं.”

तो हसला, पण त्याचे हात थांबले नव्हते. झाकण वरून दाबलं की हुकावरचा ताण सुटतो, असं त्यानं सांगितलं. पत्रा इतका तापला होता की त्यावर तळहात टेकवत नव्हता. त्यानं पोतं ठेवून दाबलं, मी हुक ओढला. मग मी दाबलं, त्यानं ओढला. पान्यानं ठोकूनही पाहिलं. हुक जागचा हलला नाही. आत गोदाचं कण्हणं बारीक होत चाललं होतं, आणि तिच्या ओरडण्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटत होती. पत्रा थंड केला तर बघू, म्हणून इस्माईलभाई डबा घेऊन शेतातल्या विहिरीकडे गेला.

मी एकटी उरले. वारा पडलेला, एक पाखरू बोलत नव्हतं. माझा श्वास मलाच दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू येत होता. एकटीच्या हातून हे होणार नाही, हे कळत असूनही मी हुक ओढत राहिले, कारण थांबले असते तर गोदाकडे बघावं लागलं असतं. शेवटी बोटांतला जोर संपला. हुकावर हात तसाच ठेवून मी म्हणाले, “माह्याच्यानं नाई होत. आता तूच पाह्य.” कोणाला म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही.

तेव्हा झाकण खाली गेलं. हळूच, पलीकडून कोणी वाकून भार द्यावा तसं. हुक ढिला पडला आणि माझ्या हातात आला. इस्माईलभाई परतला असेल, असं वाटून मी मान वर केली. समोर कोणी नव्हतं. झाकणावरच्या धुळीत दोन तळवे उमटले होते, बोटं माझ्याकडे वळलेली. लहानसे, बाईचे वाटावेत असे. मी मोटारीला वळसा घालायला निघाले. पलीकडच्या बाजूला आम्ही दोघंही गेलो नव्हतो. वाटेवर घोटाभर फुफाटा होता, आणि त्यात चाकाची रेघ होती. पावलं नव्हती.

इस्माईलभाई डबा भरून आला.

“कसं उघडलं?”

“उघडलं.”

त्यानं धुळीतल्या खुणा पाहिल्या आणि मला हात दाखवायला सांगितले. माझे तळवे भाजलेले नव्हते, आणि माझे पंजे त्या खुणांपेक्षा मोठे होते. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. नळीला ओलं फडकं गुंडाळून म्हणाला, “बसा मावशी. इथं थांबू नका.”

मोटार बरीच पुढं गेल्यावर गोदानं डोळे उघडले.

“माय, त्या बाईले काहून नाई घेतलं गाडीत?”

“कोन्या बाईले?”

“तुह्यासमोर वाकून दाबून राह्यली व्हती ते. एवढ्या उनात एकटीले सोडलं तिले.”

मी मागं वळून पाहिलं नाही. इस्माईलभाईनं मोटारीचा वेग वाढवला.

दिवस मावळायच्या आत गोदाची सुटका झाली. मुलगी झाली, दोघी वाचल्या. ह्यांच्या मते ते देवळात बसले म्हणून. मी वाद घालत नाही. ती कोण होती, आपली देवी की कधीकाळी त्याच वाटेवर दवाखाना न गाठता गेलेली कोणी बाळंतीण, हे मला ठाऊक नाही. दोन्ही विचारांनी अंगावर काटा येतो, आणि दोन्ही वेळा हात जोडले जातात. एवढं मात्र समजलं की मी ओढत होते तोवर दुसऱ्या हातांना तिथं जागाच नव्हती. अजूनही मी आधी स्वतःच जोर लावते. तो स्वभाव काही जायचा नाही. पण जोर संपला की आता चिडत नाही. हात तिथंच ठेवते, थोडी मागं सरकते आणि मान खाली घालते. समोर कोण येऊन उभं राहतं, ते पाहत नाही.