दादानं सोडलेलं गोड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शंकर नगरच्या आमच्या गॅलरीत लाखोळीची भाजी निवडत बसले होते. "नंदा, तुझा दादा गेला गं," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज... मी म्हटलं, "निघालेच." तर म्हणते, "हळू ये. धावू नको. आता काही घाई नाही." नवरा तिचा गेला, आणि वहिनी मलाच सांभाळून घेते आहे. ती पहिल्यापासून अशीच. ती लग्न होऊन तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी आली तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जायची. तेव्हापासून ती मला वाढवते आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दादा म्हणजे शरद, माझा सख्खा थोरला भाऊ. सिंचाई विभागातून रिटायर झालेला, उंच, कमी बोलणारा, आणि एकेकाळी गोडाचा असा भोक्ता की आई डबे कुलपात ठेवायची. ऑफिसातल्या वर्माजींच्या घरून गुळाची तळलेली खुरमी आली की याचा खिसा तेलकट. पुरणपोळीच्या दिवशी तर हा बाकीच्यांच्या आधी पाटावर हजर. अशा माणसानं एक दिवस गोड सोडलं. चहासुद्धा फिका. कोणी विचारलं की म्हणायचा, "मले शुगर आहे." आता आपल्या मराठी घरांतला आग्रह तुम्हाला सांगायला नको. 'एकच घ्या, अर्धी घ्या, माझ्या हातची घ्या' करत यजमानीणबाई पानावर पालथी पडायची बाकी असते. त्या आग्रहाला उत्तर एकच, आजार. दादा ते उत्तर इतकी वर्षं देत राहिला की तात्यापाऱ्यापासून पुरानी बस्तीपर्यंत सगळ्यांनी त्याला शुगरचा पेशंट मानून टाकलं. मीसुद्धा. वहिनीला तेवढं ठाऊक होतं की याला ना गोळ्या, ना औषध. तिनं एकदा विचारलं, तो काही बोलला नाही, तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यांचा संसार असाच चालायचा.

काही वर्षांपूर्वी पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, गणपतीच्या आरतीत दादा छाती धरून खाली बसला. वहिनी आणि मी मागे प्रसादाच्या स्वयंपाकात होतो, शेजारच्या देशकरकाकांनी आणि दोन-चार मंडळींनी त्याला उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. त्यांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. पण झालं काय, की दारातच डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटला आधीचा काही आजार?" आणि चौघांनी एका सुरात सांगितलं, "शुगर! फार जुनी." मोदकाचा प्रसाद दरवर्षी नाकारणारा माणूस, ते बिचारे दुसरं काय सांगणार? आम्ही दोघी ऑटोनं पोचेपर्यंत ते कागदावर चढलंही होतं.

बंद पडलेली एक नस डॉक्टरांनी त्याच दिवशी उघडली. बाकीच्या नसांसाठी बायपास करावी लागेल, फार लांबवू नका, असं त्यांनी बजावलं. आणि तिकडे विमा कंपनीनं हात वर केले. म्हणे, पॉलिसी घेताना मधुमेह लपवला, क्लेम नामंजूर, आणि पॉलिसी रद्द का करू नये ते कळवा. पहिल्या इलाजाचं आम्ही कसंबसं निभावलं. पण पॉलिसीच गेली असती तर बायपास कशाच्या भरवशावर करायची? या वयात, हे दुखणं झाल्यावर, दुसरी कंपनी दारात तरी उभी करते का? दादाचा जीव त्या एका शब्दावर अडकला होता.

मग सुरू झालं आमचं पायपीट प्रकरण. वहिनी आणि मी. घरी पेशंटचं पथ्यपाणी करायचं, आणि उरलेला दिवस फोनवर 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है' ऐकत काढायचा. मेले इतकं महत्त्वाचं मानत होते तर उचलत का नव्हते? मी तर एकदा फोनवरच्या पोरीवर असा आवाज चढवला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. वहिनी मात्र शांत. तिनं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना गाठलं. भरती करताना रक्त तपासलं होतं, त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर अगदी साफ निघाली होती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

कसचं काय! कंपनीनं चौकशीला एक तरुण माणूस पाठवला, साहू नावाचा. तो सरळ पाऱ्यात फिरला. आणि आमचे शेजारी, देव त्यांचं भलं करो, त्यांना वाटलं शरदभाऊंची चौकशी म्हणजे भाऊंची बाजू घ्यायची. प्रत्येकानं छाती ठोकून सांगितलं की माणूस पथ्याचा इतका पक्का, आमच्या घरी गोडाला कधी शिवला नाही, शुगर म्हणजे शुगर! देशकरकाकूंनी तर साहूला चहा-चिवडा देऊन सांगितलं. म्हणजे रक्ताची तपासणी एकीकडे आणि अख्खा तात्यापारा दुसरीकडे.

त्या संध्याकाळी वहिनीनं दादाला समोरासमोर विचारलं. मी तिथेच होते.

"शुगर नाही, त गोड काहून सोडलं? आज सांगाच."

दादा म्हणाला, "नाही सांगता येत. सांगितलं का तुटते."

"अन् तुम्ही गेले त?"

"मी गेलो तरी चालते," तो म्हणाला. "ते नाही तुटलं पाहिजे."

माझं डोकं तडकलं. म्हटलं, जीव चाललाय आणि हा कसले हट्ट करून राहिला! पण मला घरी सोडायला वहिनी ऑटोत बरोबर आली आणि वाटेत म्हणाली, "नंदा, तुह्या मुक्ताले मेंदूज्वर झाला होता, आठवते? त्याच साली सोडलं यानं."

मुक्ता माझी एकुलती एक लेक. तेव्हा नुकती चालायला लागली होती. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखंच बोलणं केलं होतं. मी आत, आणि दादा बाहेर बाकावर. तो त्या बाकावरून उठलाच नाही. दादा-वहिनीला मूल नव्हतं, मुक्ताच दोघांची. ती त्यातून उठली... आणि आज बंगळूरला नोकरी करते, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देते. या इतक्या वर्षांत दादानं आमच्या घरी श्रीखंड नाकारलं, पेढे नाकारले, मुक्ताच्या प्रत्येक वाढदिवसाला केक नाकारला, आणि मी त्याला 'बेचव माणूस' म्हणून चिडवत राहिले. ऑटोत मी इतकी रडले की ड्रायव्हर भैयानं गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी वहिनी दादासमोर बसली आणि जणू शास्त्रच सांगते आहे अशा सुरात म्हणाली, "नवस आहे हे सांगितल्यानं तुटत नाही. कोणासाठी, ते सांगितल्यानं तुटते."

"हे कुठं लिहिलं आहे?"

"माह्या आईनं सांगितलं होतं."

वहिनीच्या आईनं असं काहीही सांगितलेलं नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. दादानं तिच्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं असणार. पण तो म्हणाला, "हव. बोलाव त्याले."

साहूला परत आणणं सोपं नव्हतं. वहिनीनं फोन करकरून त्याला जेरीस आणलं. तो आला तेव्हा देशकरकाका-काकूही बैठकीत होते. दादा खुर्चीत ताठ बसला आणि हिंदीत म्हणाला, "मुझे शुगर कभी नहीं थी. मन्नत है. किसके लिए, वो नहीं बताऊँगा. लोग ज़बरदस्ती करते थे, इसलिए शुगर बोलता था." देशकरकाकूंनी पदर तोंडाला लावला. साहू काही लिहीत नव्हता, नुसता दादाकडे बघत होता. मग हळूच आपल्या बोलीत म्हणाला, "हव बाबूजी. मोर दाई घलो आमा नइ खावय. काबर, आज तक नइ बताइस." त्याची आई आंबा खात नाही, आणि का ते तिनं आजवर सांगितलेलं नाही! मला तर त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. काका तिथल्या तिथे उठून म्हणाले, की हॉस्पिटलात मी ऐकीव सांगितलं, पाहिजे तिथे सही करतो. डॉक्टरांचं पत्र होतंच. काही आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला, पॉलिसी वाचली, बायपास झाली.

त्यानंतर दादा आम्हाला जी वर्षं मिळाला, ती मी अजून मोजलेली नाहीत. मोजायची पण नाहीत. तो सकाळी बूढ़ा तालाबापर्यंत फिरून यायचा, माझ्याकडे येऊन पेपरातल्या चुका काढायचा, वहिनीला भाजीवालीशी भाव करताना पाहून हसायचा. मुक्ता सुट्टीत आली की मुद्दाम छळायची, "मामा, एक टुकड़ा तो खा लो, मन्नत को पता नहीं चलेगा!" तिला कोणासाठी ते माहीत नव्हतं. दादा म्हणायचा, "तू खा पोट्टे, मी पाहतो." आणि खरंच पाहायचा, तिचा शेवटचा घास होईपर्यंत. मी त्याचे आभार मानू शकले नाही. मानले असते तर त्याच्या लेखी ते तुटलं असतं. म्हणून मी त्याच्या फिक्या चहात आलं जरा जास्त किसायची, एवढंच.

तेरवीला वहिनीनं पुरणपोळी करायला लावली. दादाच्या नावानं पान वाढलं, त्यावर पोळी ठेवली, वरून तुपाची धार सोडली. देशकरकाकूंना रडू आवरेना. शेवटच्या पंगतीला आम्ही घरच्या बायका बसलो. मुक्ता हात धुवायला गेली होती. मी पाहिलं, वहिनीच्या पानात वरण-भात, भाजी, वडा, कढी... आणि पोळीची जागा रिकामी.

"वहिनी, तुझी पोळी?"

"मले नको."

मी समजले. म्हटलं, "बस झालं गं आता. पोरगी मोठी झाली, कमावती झाली. दादाही गेला. सुटलं ते."

वहिनी म्हणाली, "ते गेले. पोट्टी आहे नं?"

मग तिनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली, तुपाची वाटी ओतली आणि समोर बसून राहिली. "खा," म्हणाली. मी डोळे पुसले नाहीत, मान वर केली नाही, आणि वहिनीच्या देखत दोन्ही पोळ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या.